उंबर तेवढा ठेवा

माझ्या थोरल्या बहिणीला हरसूलकडच्या एका गावात दिलं होतं. गावामागे डोंगरात खोल घळ आहे. तिच्या तोंडाशी एका उंबराखाली ताईची पहिली मुलगी पुरलेली. जेमतेम चालायला लागली होती, तापाने गेली. वर ठेवलेला धोंडा पावसात वाहून गेला, त्यामुळे नेमकी जागा ताईलाच ठाऊक. शेतावर जाता-येता ती तिथे घटकाभर थांबायची. घरात त्या मुलीचा विषय कोणी काढत नसे. मीही नाही.

दोन हजार सालानंतर घळीचा पर्यटन आराखडा निघाला. लोकांच्या हरकती आणि सूचना ऐकायला साहेब शाळेच्या ओसरीवर येणार होते. मी पंचवटीत राहणारी, कचेरीत नोकरी करणारी, म्हणून ताईने मला मुद्दाम बोलावून घेतलं.

नकाशा फळ्यावर लावला होता. गाड्या लावण्याची जागा निळ्या चौकोनात दाखवलेली. उंबर त्या चौकोनात होता.

"साहेब, पब्लिक लय येणार म्हणता, मग मुतारी कुठं दावलीय?" एका म्हाताऱ्याने विचारलं. सगळे हसले.

"घ्या, पहिली सूचना आली," साहेब म्हणाले.

ताईने मला कोपराने ढोसलं. "ऊठ की गं. म्हण, उंबर तेवढा ठेवा."

"झाडाचं कशाला? खरं काय ते सांगते ना."

"नाय. चारचौघांत पोरीचं नाव नको. झाड राहिलं की बुडाला कोण हात लावतंय?"

मला ते पटलं. मी उठून जुन्या झाडाबद्दल, सावलीबद्दल बोलले. साहेबांनी लगेच लिहून घेतलं. "बघा मंडळी, लोकसहभाग म्हणतात तो हा!" परतताना ताईने मला बळेबळे पिशवीभर वांगी दिली. इतक्या खुशीत मी तिला बऱ्याच वर्षांनी पाहत होते.

सूचना मान्य झाली. गाड्यांची फरसबंद जागा झाली आणि मधोमध उंबर राहिला. तो उघडाबोडका दिसू नये म्हणून बुंध्याभोवती जेसीबीने खणून सिमेंटचा गोल पार बांधला. आराखड्यात पार नव्हता. कुणीतरी हौसेने वाढवला असणार. ताई तेव्हा आमच्याकडे लग्नाला आली होती. घरी परतली तेव्हा पाराला पाणी मारणं चालू होतं.

ती सरळ मुकादमाकडे गेली. "हितली माती कुठं टाकली?"

"रस्त्याच्या भरावात गेली, मावशी. का, काही हरवलं का?"

"नाय," ताई म्हणाली.

हे तिने मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, चौकशी करू, कुठल्या भागात टाकली ते कळेल. पण ट्रक बरेच होते, माती चार ठिकाणची होती, आणि मुकादमही बदलला होता. कोणालाच सांगता आलं नाही.

त्या रस्त्याने आता गावात एसटी येते. मी उतरते, ताई न्यायला आलेली असते. घरापर्यंत तोच चांगला डांबरी रस्ता आहे. मी मधून चालते. ती खाली उतरून कडेच्या गवतातून चालते. काटे आहेत, वर ये, असं मी दरवेळी म्हणते.

"तू चल पुढं," ती म्हणते.