सायराआपांचा विलायती कॅमेरा

जालना स्टेशनवर उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते आणि माझ्या पिशवीत एक लाल बल्ब, रसायनांच्या पुड्या आणि बारीक पेचकसांचा एक जुडगा होता. प्रवासाला निघालेल्या साठीच्या बाईकडे असं सामान कुणी अपेक्षित धरत नाही. नाशिकच्या एका कॉलेजात मी पस्तीस वर्षं फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळली. निवृत्तीनंतर जुने कॅमेरे दुरुस्त करायचा नाद लागला आणि त्या नादातूनच एके दिवशी जालन्याहून एका अनोळखी बाईंचा फोन आला.

"ताई, मी सायरा बोलून राह्यले. आमच्या अब्बांचा फोटोचा कॅमेरा आहे, लंडनचा. माणसाच्या छातीइतका उंच. रविवारी एकजण घ्यायला येणारे. त्याला लिहून पाहिजे की कॅमेरा खरंच विलायती आहे. तुम्ही बघून सांगता का?"

त्या दिवशी बुधवार होता. गुरुवारी सकाळी मी गाडीत बसले.

ऑटो जुन्या जालन्यात शिरला आणि लगेच अडकला. एका बाजूला धान्याची पोती उतरत होती, दुसऱ्या बाजूला कापडाचे तागे. मध्ये उरलेल्या जागेतून दुचाक्या, एक हातगाडी आणि मोसंब्यांची टोपली डोक्यावर घेतलेली बाई एकाच वेळी चालली होती. "इथून पायी जल्दी पोचता तुमी," असं ऑटोवाल्यानं स्वतःच सांगितलं, आणि ते खरं निघालं.

सायराआपा दुकानाच्या पायरीवरच उभ्या होत्या. पासष्टीच्या, ठेंगण्या, डोक्यावरून दुपट्टा. वडिलांचा स्टुडिओ त्यांनीच पुढे चालवला होता. अलीकडे पासपोर्टचे फोटोसुद्धा कुणी काढायला येईना, म्हणून महिनाअखेरीस दुकान पुतण्याकडे जाणार होतं. तो तिथे मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकणार होता. त्यामुळे कॅमेऱ्याला घर शोधणं भाग होतं. शहरातला एक हॉटेलवाला तो स्वागतकक्षात शोभेला ठेवायला न्यायला तयार होता, पण अट एकच, विलायती पाहिजे.

आधी त्यांनी जेवायला बसवलं. खिचडी, खट्टा (चिंचेचं आंबट, पातळ कालवण) आणि तळलेले पापड. मी दोनदा खट्टा मागून घेतला. मग आम्ही मागच्या खोलीत गेलो.

चादर ओढली आणि मी काही वेळ नुसती बघत राहिले. चाकांच्या लाकडी घोडीवर बसवलेला तो कॅमेरा खरोखर माझ्या छातीइतका उंच होता. पुढे पितळेची जाडजूड भिंग-नळी, मागे दुधी काचेची चौकट आणि मधे कातड्याचा घडीघडीचा भाता. समोरच्या फळीवर पितळी पट्टी होती आणि तिच्यावर लंडनच्या कारखान्याचं नाव इंग्रजीत कोरलेलं होतं.

"लहानपणापासून सगळ्यांना सांगत आले," आपा पट्टीवरून बोट फिरवत म्हणाल्या. "लोक लग्नाचा फोटो काढायला परतुराहून, अंबडहून यायचे. म्हणायचे, लंडनच्या कॅमेऱ्यात काढायचाय."

भिंग विलायती होतं, त्याबद्दल शंका नव्हती. नळीवर तेच नाव होतं आणि काम बारीक होतं. पण लाकडाला जाड काळा तेलरंग फासलेला बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. चांगल्या लाकडावर असा रंग कुणी देत नाही. आपांना विचारून एका कोपऱ्यातला रंग स्पिरिटनं काढला. खालून पिवळसर तपकिरी सागवान निघालं. मग मी मागची चौकट सोडवली. चारी कोपऱ्यांच्या सांध्यांवर, आतल्या बाजूला, पेन्सिलीनं आकडे टाकले होते: १, २, ३, ४. लंडनच्या सुताराला मराठी आकडे येत असतील असं मला वाटेना. चौकटीच्या खालच्या कडेला आणखी बारीक अक्षरात एक ओळ होती. मी चष्मा पुसून वाचली. 'सखाराम सुतार, घनसावंगी.'

आपा वाट बघत होत्या. शेवटी मी चौकट त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ओळ दोनदा वाचली. "मंग अब्बा खोटं बोलायचे?" त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

त्यांचे वडील कामात हयगय न करणारे, दिलेल्या वेळेला फोटो देणारे म्हणून ओळखले जायचे. त्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना, पोटच्या मुलीलासुद्धा, खोटं सांगितलं असावं, हे त्यांना पचेना. मला आल्याचा पश्चात्ताप होऊ लागला. पण आपा उठल्या, फोन घेतला आणि घनसावंगीच्या एका ओळखीच्या कापडवाल्याला लावला. पाच मिनिटांत उत्तर मिळालं. सखाराम सुतार केव्हाच वारले होते. त्यांचा मुलगा नामदेवअण्णा होता. पंचाहत्तरीचा, आणि भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणारा.

"पेटीला पण भाता असतो," मी म्हणाले. कॅमेऱ्याचा भाता घडीघडीला फाटला होता. आपांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्या सकाळीच जाऊ," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी आम्ही भाता सोडवून चादरीत गुंडाळला आणि घनसावंगीची जीप धरली. नऊ जणांच्या जागेत चौदा जण होते. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, पुढे पुढे ऊस आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे रेंगाळणारी आमची जीप. अर्ध्या वाटेवर शेजारच्या आजींनी नारळांची पिशवी आमच्या गाठोड्यावर ठेवली. आपा घाईनं म्हणाल्या, "मावशी, त्यात नाजूक सामान आहे." आजींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि विचारलं, "बाळाचं हाय का?" आपा दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

घनसावंगीत अण्णांच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "जांबला गेलेत. देवळातली पेटी वाजंना म्हून बोलावल्तं." म्हणून दुसरी जीप, जांब समर्थची. नारळवाल्या आजीही त्याच जीपमध्ये होत्या. त्यांना दर्शनाला जायचं होतं. आता त्यांनी न सांगता आमचं गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं.

देवळाच्या सभामंडपात एका खांबाला टेकून धोतर नेसलेले, काटकुळे नामदेवअण्णा बसले होते. पुढ्यात पेटी उघडी पडली होती. आम्ही कोण, कुठून आलो ते सांगितलं आणि चादर सोडली. त्यांनी भाता उचलला, घड्या बोटांनी मोजल्या, आतल्या बाजूचा सरस नखानं खरवडून बघितला.

"हे बापाचं काम हाय," ते म्हणाले. "पेटीच्या भात्यावानी घडी घातल्याली. तुमी करीमसायबाची लेक का?"

आपांनी मान हलवली.

मग अण्णांनी सांगितलं ते असं. करीमसाहेब एकदा लग्नाचे फोटो काढायला बैलगाडीनं चालले होते. घनसावंगीच्या अलीकडे ओढ्यात गाडी कलंडली. कॅमेऱ्याची पेटी दगडांवर आपटून तिच्या फळ्या मोडल्या. भिंग तेवढं त्यांच्या मांडीवर होतं, ते वाचलं. "बापानं तवर कॅमेरा पायला नव्हता. मोडल्याल्या फळ्या जुळवल्या, तेच्यावरून माप घेतलं, आन् नवा केला. सायेब आमच्याच वसरीत ऱ्हायले तवर."

"आणि अब्बांनी लंडनचंच नाव लावलं," आपा म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "तुमच्या वडलांना राग न्हाई आला?"

"राग कशापायी? बापानंच ती पट्टी ठोकली की. सायेब म्हनले, सखाराम, तुझं नाव टाकतो. बाप म्हनला, न्हाई, लोक विलायती म्हून येत्यात, तुमचं पोट हाय. बाहीर त्यांचं नाव ऱ्हाऊ द्या, आत माझं लिवतो. कुनाला सांगू नगा म्हून शपथ घातली बापानंच." अण्णांनी भात्याची घडी मिटली. "दर दिवाळीला सायेब कॅमेरा घिऊन घरी यायचे. बापाला म्हनायचे, सखाराम, तुझ्या लेकराची तब्येत काय म्हनती ते बघ. म्हंजी कॅमेऱ्याची."

आपांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि पुसता पुसता हसू लागल्या. "मला म्हणायचे, दिवाळीला कॅमेऱ्याच्या डॉक्टरकडे चाललो," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मिठाई खायला जातात."

नारळवाल्या आजी हे सगळं शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी प्रसादाचा नारळ फोडून आम्हा तिघांच्या हातावर खोबरं ठेवलं.

पेटी वाजती करून अण्णा आमच्याबरोबर घनसावंगीला आले. त्यांच्या सुनेनं शेतातून ज्वारीची कणसं आणवून हुरडा भाजला. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. खाणं संपेपर्यंत कुणी कामाचं बोललं नाही. संध्याकाळच्या बसनं अण्णा हत्यारांची पिशवी घेऊन जालन्याला निघाले. "बापाचं काम बसमध्ये धाडत न्हाई मी. तिथंच बसून करतो."

शनिवारी दुकानाचा दरवाजा लावून आम्ही भात्याच्या आत बल्ब धरला. अंधारात भात्यावर ठिपक्यांची दाटी उजळली. अण्णा प्रत्येक ठिपक्यावर खडूची खूण करत गेले आणि मग बकरीच्या पातळ कातड्याचे तुकडे गरम सरसानं आतून चिकटवले. मी भिंगावरची बुरशी काढली, भिंग पुढेमागे करणारं अडकलेलं चक्र मोकळं केलं. आपांनी लाकडावरचा काळा रंग उतरवला. तो त्यांनी दुसऱ्या कुणाला उतरवू दिला नाही. संध्याकाळी पुन्हा बल्ब लावला. एकही ठिपका नव्हता.

रविवारी सकाळी अण्णांचा फोटो काढायचं ठरलं. काळ्या फडक्याखाली डोकं घालायला आधी त्यांनाच सांगितलं. दुधी काचेवर खुर्चीत बसलेल्या आपा उलट्या दिसत होत्या. "आपा, पाय वर करून बसल्यात तुमी," फडक्याआडून आवाज आला.

मग अण्णांना खुर्चीत बसवलं. पहिला फोटो मी वाया घालवला. भिंगाचं झाकण न लावताच फोटोचा कागद ठेवलेली मागची चौकट उघडली. लाल दिव्याखाली कागद पूर्ण काळा पडला. पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांना मी हीच चूक करू नका म्हणून बजावत होते, हे मी दोघांना सांगून टाकलं. दुसऱ्या वेळी आपांनी स्वतः झाकण काढलं, चारपर्यंत मोजलं आणि परत लावलं. रसायनाची थाळी हलवतानाही त्यांनी मला बाजूला सारलं. हाताला सगळं आठवत होतं. आधी काळं-पांढरं उलटं चित्र आलं, मग त्यावरून दुसरा कागद केला, आणि त्यावर नामदेवअण्णा उमटले, गुडघ्यावर हात, कपाळावर आठ्या. अण्णांनी फोटो हातात घेतला. "बापावानी दिसून राह्यलो," एवढंच म्हणाले.

हॉटेलवाला दुपारी आला. आपांनी त्याला चौकट उघडून पेन्सिलीची ओळ दाखवली. तो क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, "पट्टी तर लंडनची आहे ना? आतलं कोण बघतंय? म्याडमनी लिहून दिलं की झालं."

मी नाही म्हणायच्या आत आपा बोलल्या. "ज्यानं बनवला तो सांगत न्हवता, ते बराबर होतं. मला माहीत झाल्यावर मी सांगितलं न्हाई, तर ते खोटं होईल. चहा घ्या तुम्ही."

तो चहा घेऊन गेला. आपलं सामान लावायला आलेल्या पुतण्यानं हे सगळं ऐकलं होतं. त्यानं दर्शनी भागातली चार्जरची मांडणी स्वतः आत सरकवली आणि कॅमेरा पुढे ढकलत आणला.

सोमवारी परतीच्या गाडीत बसले. आजवर मी कॅमेऱ्यावर कोरलेलं नाव वाचून त्याची जात सांगत आले होते आणि त्यालाच ज्ञान समजत होते. आता घरी गेल्यावर दुरुस्त करून ठेवलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या मागच्या चौकटी सोडवून बघायच्या, असं मी ठरवत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, सकाळी नवं जोडपं आल्तं," आपा सांगत होत्या. "कव्हर घ्यायला. कॅमेरा बघून म्हणाले, आमचा काढा. मुलीनं विचारलं, कुठला आहे हो? मी म्हटलं, घनसावंगीचा. ती म्हणे, घनसावंगीत कॅमेरे बनतात?"

"मग काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, एक बनला."