आकाराम मिस्त्रीचा अंगठा

आकाराम मिस्त्री नाकावर माशी बसू देत नसे. उद्यमनगरातल्या त्याच्या गॅरेजात शिरलेलं गिऱ्हाईक आधी दोन शिव्या खाई आणि मग मोटारसायकलीचं दुखणं सांगे. तरी लोक येत, कारण लढाईच्या आधीची विलायती गाडी खोलून पुन्हा बोलती करावी तर त्यानंच.

इंजिन खोललं की व्हॉल्वच्या स्प्रिंगा तो बाकावर उभ्या करी आणि एकेकीवर अंगठा रेटी. कडक लागली तर ठेवायची, दबली तर भंगारात. तालमीत कमावलेला अंगठा होता, कधी चुकत नसे. हाताखालचा गुंडू एकदा म्हणाला, "दादा, नवी आन् जुनी व्हाइसमध्ये जोडीनं दाबून बघूया की." एवढ्याच वाक्यापायी आकारामनं त्याला पाना फेकून मारला आणि बाहेर काढला. गुंडूनं रस्त्यापलीकडेच दुकान थाटलं. तेव्हापासून रोज सकाळी शटर उघडलं की आकाराम आधी त्या दिशेला थुंकत असे.

अठ्ठ्याहत्तर साली कळंब्याच्या हंबीररावांनी वडिलांची जुनी गाडी त्याच्याकडे टाकली. मुंबईहून नव्या स्प्रिंगाही मागवल्या होत्या. आकारामनं जुन्यांवर अंगठा रेटला. एकदम कडक! "ह्यो हल्लीचा माल घाला तुमच्या बैलगाडीला," म्हणत नव्या त्यानं मालकाच्या हातात कोंबल्या आणि जुन्याच बसवल्या.

पौर्णिमेला हंबीरराव नृसिंहवाडीला निघाले. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी गाडी जरा सोडली आणि इंजिनात घण पडल्यासारखा आवाज झाला. स्प्रिंगनं व्हॉल्व वेळेत मिटवला नव्हता, तो पिस्टनवर आपटून पार वाकला होता. गाडी ट्रकात घालून परत आणली आणि उतरवली ती गुंडूच्या दारात.

गुंडूनं इंजिन खोललं तसा आकाराम रस्ता ओलांडून धावला. "गुंड्या, माझ्या कामाला हात लावलास तर हात मोडीन!"

"मग तुमीच बघा की," गुंडू म्हणाला. त्यानं जुनी आणि हंबीररावांकडची नवी स्प्रिंग तोंडाला तोंड लावून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरली आणि दांडा फिरवला. नवी जेमतेम हलली. जुनी मात्र दबतच गेली. जमलेले लोक एकमेकांकडं बघायला लागले.

"थोतांड हाय सगळं!" आकारामनं जुनी स्प्रिंग हिसकावून टेबलावर ठेवली आणि अंगठा रेटला. "हे बघा, कडक हाय का न्हाय?" मग तावातावानं नवीवर रेटला.

तीही कडक. तेवढीच कडक.

त्यानं खांद्याचा जोर लावला. दोन्हींतली एकही केसभर दबेना. अंगठा मात्र थरथरायला लागला. गेली काही वर्षं त्याला एकही स्प्रिंग मऊ लागली नव्हती आणि जुना माल तो जुना माल, म्हणून तो खूश होता. आता त्याला उमगलं. स्प्रिंगा कडक नव्हत्या, अंगठाच संपला होता. ही गोष्ट उद्यमनगरात फुटली तर त्याच्या दारात कुत्रंही फिरकणार नव्हतं.

गुंडूनं तो थरथरता अंगठा पाहिला. दोघांची नजर भिडली. गुरूची विद्या गुरूलाच फळणार, हा आता हसणार, म्हणून आकाराम मूठ आवळून उभा राहिला.

गुंडू हंबीररावांकडं वळला. "मिस्त्रींचा दोष न्हाय, राव. स्प्रिंग गरम झाल्यावर दबलीया. आधी कुनालाबी कळली नसती."

लोकांनी मान डोलावली. हंबीररावांनी तर, रागानं गाडी इथं उतरवली, माफ करा, म्हणून हात जोडले. आकारामच्या अंगाचा भडका उडाला. पाना मारून हाकललेल्या पोरानं चारचौघांत त्याला भीक घातली होती. "तुझी दया नगं मला!" असं ओरडावंसं वाटलं, पण ओरडला असता तर कशाची दया, तेही सांगावं लागलं असतं. ओठांवर आलेली शिवी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा गिळली आणि तो निघून गेला.

गुंडूचा त्यानं मरेपर्यंत द्वेष केला. आणि मरेपर्यंत रोजची भाकरी खाल्ली, ती गुंडूच्या त्या खोट्यावरच.