उकळलेली पुडी

"बाळाच्या आतड्याला सूज आली आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मुलगी तेव्हा आठ दिवसांची होती. अमरावतीच्या दवाखान्यात, एनआयसीयूच्या दाराबाहेर मी आणि आमच्या घरमालकीण शीलाकाकू उभ्या होतो.

आजाराचं नाव नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. मला ते म्हणता येईना, तेव्हा मॅडम म्हणाल्या, एनईसी एवढंच लक्षात ठेवा. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना होतो. आतडं सुजतं, त्यात नको ते जंतू वाढतात. फार बिघडलं तर आतड्याला भोक पडतं, मग ऑपरेशन करावं लागतं. माझी मुलगी दीड किलोची होती.

जंतू हा शब्द मात्र मला कळला. मला वाटलं, ते मीच तिच्या पोटात घातले.

आम्ही मूळचे जतकडचे, सांगली जिल्ह्यातले. हे अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहेत, म्हणून जुन्या शहरात शीलाकाकूंकडे खोली घेतलेली. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण सहाव्या महिन्यात पोट दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. आई रोज फोनवर सांगायची, "परक्या गावचं पाणी हाय, उकळल्याबिगर कायबी तोंडाला लावू नगंस." मी ते तंतोतंत पाळलं.

सातव्या महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली. यूरिन इन्फेक्शन निघालं. त्यावरच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी मला जुलाब लागले. मग अकोल्याच्या डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या. म्हणाले, "यात चांगले जिवंत जंतू असतात, पोटाला लागतात. रोज एक घ्या." माझ्यामागे पाच-सहा बायका ताटकळत होत्या. मी मान हलवून बाहेर आले.

घरी पुडी हातात घेऊन बराच वेळ बसले. जंतू, तेही जिवंत, आणि पोटात बाळ. न घ्यावी तर डॉक्टरांचा शब्द मोडतो, घ्यावी तर भीती. मग मी माझ्या अकलेने मधला रस्ता काढला. पुडी दुधात टाकायची, दुधाला दोन उकळ्या आणायच्या, मग प्यायचं. महिनाभर तसंच केलं. कोणाला सांगितलं नाही.

आठव्या महिन्यात अंगावरून पाणी गेलं. मुलगी अकोल्यात जन्मली, पण तिथे अशा बाळांना ठेवायची काचेची पेटी रिकामी नव्हती. अँब्युलन्सने अमरावतीला आणलं. ह्यांना रजा नव्हती, ते सुटीच्या दिवशी गाडीने बडनेरा स्टेशनला उतरून यायचे. काकू माझ्याजवळ राहिल्या, ना नात्याच्या ना गोत्याच्या.

सूज आल्यापासून तिचं दूध बंद केलं. नाकातून पोटात नळी घातली, त्यातून हिरवं पाणी यायचं. शीमध्ये रक्ताचा अंश होता. दिवसातून कितीदा तरी एक्स-रे निघायचा, आणि सिस्टर टेप घेऊन तिच्या पोटाचा घेर मोजायच्या. पोट कडक आणि चकाकत होतं. मला काचेबाहेरून दाखवायचे. मी सिस्टरच्या तोंडाकडे बघायची. टेपवरचा आकडा मला तिथून दिसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. बाकावर बसून काकूंना पुडीचं सांगितलं. म्हटलं, दोन उकळ्यांत ते मेले नसतील का हो.

काकू म्हणाल्या, "अवं, उकयत्या दुधात विरजण टाकतं का कोणी?"

"नाही."

"कावून नाही?"

"दही लागत नाही."

"मंग? दह्यातले बी जंतूच असतात म्हणते. पुडीतले तू रोज शिजवून प्याली. शिकवलं कोणं तुले असं?"

लहानपणापासून मी विरजण लावत आले. दूध कोमट झालं का, ते करंगळी घालून बघायचं, हे मला कोणी शिकवल्याचंही आठवत नाही. पण पुडी औषधाच्या दुकानातली, म्हणून माझं घरचं शहाणपण तिथवर पोचलंच नाही.

आता भीती उलटी फिरली. आधी वाटत होतं, मी तिला जंतू दिले. आता वाटायला लागलं, जे तिला वाचवणार होते ते मीच मारले. काकू म्हणाल्या, "मनात कुढत नको बसू. त्या मॅडमले सांग."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आईने गरोदरपणी हे घेतलं तर बाळाच्या आतड्याला किती फायदा होतो, यावर अजून अभ्यास चालू आहेत. ठाम कोणी सांगू शकत नाही. तुम्हाला पुड्या तुमच्या जुलाबासाठी दिल्या होत्या. बाळ लवकर आलं म्हणून आतडं कच्चं आहे. पुडीने हे झालं नाही, आणि पुडीने टळलं असतं असंही मी म्हणणार नाही. तुमचं दूध मात्र रोज काढा. सुरू करू तेव्हा तेच देऊ."

सिस्टरने वाटी दिली. मी विचारलं, "दूध उकळून आणू का?"

"वाटी उकळा. दूध नको, जसं निघेल तसं आणा."

बाळ पीत नसताना दूध काढायला बसणं अवघड जातं. तीन दिवस काढलं नव्हतं, पहिल्या दिवशी वाटीचा तळ ओला झाला, एवढंच. डोळ्याला पाणी आलं की काकू म्हणायच्या, "रडून कावून राहिली? पोरीले दूध लागते." हळूहळू वाढलं. सिस्टर त्यावर नाव लिहून फ्रीजमध्ये ठेवायच्या.

सूज आल्यापासून सातव्या दिवशी नळीतलं हिरवं पाणी थांबलं. दहाव्या दिवशी एक मिली दूध नळीतून दिलं. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. पोट फुगलं नाही. मग दोन मिली दिलं. तिला पिवळी शी झाली, तेव्हा सिस्टरने मला आणि काकूंना आत बोलावून दाखवली. ऑपरेशन टळलं.

तुमच्यातल्या कोणाचं बाळ पेटीत असेल, तर मला एवढंच सांगायचं आहे. जे केलं असेल ते डॉक्टरांना सांगून टाका. मनात ठेवून मी तीन दिवस उगाच कुजले. आणि त्या मॅडम, सिस्टर, शीलाकाकू, यांचं मी काय देणं लागते ते मला लिहिता येत नाही.

मुलगी आता घरी आहे. परवा तपासणीला अमरावतीला गेलो. मुलीला व्हिटॅमिन डीचे थेंब लिहून दिले. मी औषधाच्या खिडकीशी विचारलं, कशात द्यायचे, किती, गरम चालतं का, उघडल्यावर कुठे ठेवायचे. मागचा माणूस म्हणाला, "बाई, डॉक्टर बनून राहिली का तू?" लोक हसले. मी शेवटचा प्रश्न परत विचारला.

मुलगी खांद्यावर झोपली होती. तिचं पोट माझ्या खांद्याला टेकलेलं होतं. मऊ होतं.