फिनिश्ड म्हणायचं कसं?

दिंडोरीच्या मैनाबाईंना इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला खुशाल खोटारडा म्हणा. वेलकम, प्लीज सिट, स्पायसी, लेस स्पायसी, सगळं येतं बाईंना. घोडं अडलं होतं ते एकाच शब्दावर, आणि त्या मेल्या शब्दापायी हातची नोकरी जायची वेळ आली होती.

उभं आयुष्य बाईंनी लोकांच्या द्राक्षबागांत काढलं होतं. घड विरळ करा, औषधात बुडवा, फवारणीच्या वासातच भाकर खा. डोळ्यांची पार वाट लागली. मग गावाजवळच्या वायनरीनं पाहुण्यांसाठी जेवणघर काढलं आणि मैनाबाई तिथं वाढपी म्हणून लागल्या, पण कच्च्या. जमलं तर कायम, नाही तर परत बागेत. सावलीतलं काम, डोक्यावर पंखा! ते सोडून कोण जाईल?

मॅनेजर राकेश नाशिकरोडचा. पोरगा मनानं चांगला, पण सदा घाईत. पहिल्याच दिवशी त्यानं पढवलं, "मावशी, पदार्थ संपला की पाहुण्यांना सरळ सांगायचं. फिनिश्ड. नाहीतर ओव्हर. सोल्ड आउट, आउट ऑफ स्टॉक, जे तोंडात बसेल ते."

घरी कॉलेजात जाणारी लेक वेदिका. तिनं त्यात भर घातली. डायनोसॉर एक्स्टिंक्ट होतात, धुकं व्हॅनिश होतं, मोबाइलचं जुनं मॉडेल डिसकंटिन्यू होतं.

"एवढे शब्द?" मैनाबाईंनी कपाळाला हात लावला. "या इंग्रजांच्या घरात काही शिल्लक ऱ्हातं का नाय, बये?"

शब्द पाठ झाले, पण टेबलापाशी गेलं की घशातच अडकायचे. त्याला कारण सासू, चिमणाबाई. म्हातारीला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण तिचा धाक घरातून हलला नव्हता. मीठ संपलं म्हणायचं नाही, मीठ आणायचंय म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढवते. दिवा विझत नाही, शांत होतो. वास्तू तथास्तु म्हणत असते गं, म्हातारी बजावायची, भरल्या घरात 'संपलं' म्हणशील तर खरंच संपंल. नवी सून असताना मैनाबाई एकदा चुकल्या, तर सासूनं तोंडावर हात ठेवला होता त्यांच्या. मारायला नव्हे, शब्द आत ढकलायला.

आता असल्या बाईनं पंगतीत उभं राहून फिनिश्ड म्हणायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

एका रविवारी व्हायचं तेच झालं. मुंबईच्या पाहुण्यांनी भरीत मागितलं. भरताचं पातेलं तर चाटूनपुसून लख्ख. मैनाबाई म्हणाल्या, "आणते," आणि गेल्या ना तडक शेजारच्या मळ्यात! वांगी तोडली, चुलीत भाजली, सोलली, फोडणी दिली. भरीत घेऊन आल्या तेव्हा पाहुणे चिडून निघून गेले होते.

राकेशनं डोकं धरलं. "मावशी, मी तुमच्या बाजूनं किती भांडू? पुढच्या रविवारी मालकीणबाई स्वतः येतायत. त्यांच्यासमोर नीट बोललात तर ठीक. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

आठवडाभर बाई भांडी विसळताना फिनिश्ड, फिनिश्ड घोकत होत्या. आवाज मात्र नळाच्या पाण्यापेक्षा मोठा होऊ दिला नाही, न जाणो, वास्तूनं ऐकलं तर?

रविवार उजाडला. मालकीण आशाताई, केस पिकलेल्या, करारी बाई. दुपार कलल्यावर आल्या, भरल्या जेवणघरात मधल्या टेबलावर बसल्या आणि परीक्षाच घ्यायची म्हणून इंग्रजीत विचारलं, भरीत मिळेल का?

भरीत नव्हतं. राकेश मागं उभा राहून ओठ हलवत होता, फिनिश्ड, फिनिश्ड. मैनाबाईंच्या डोळ्यांपुढं ती बाग आली, ते औषधाचे पिंप आले. भीती वाटली, खोटं कशाला सांगा. तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर येईना.

"सो, इज इट ओव्हर?" आशाताईंचा आवाज चढला.

"बाई," मैनाबाई मराठीतच म्हणाल्या, "भरीत लोकांनी पोटभर खाल्लं. तुमच्यासाठी गरम झुणका टाकते. पण तुम्ही म्हणता ते माझ्यानं बोलवायचं नाय. ही चूल तुमची हाय. तुमच्या चुलीवरचं संपलं, असं चार लोकांत मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

राकेशनं डोळेच मिटले.

या जागेसाठी आजवर पगारी माणसं पुष्कळ ठेवली होती आशाताईंनी. चुलीची काळजी कुणी केली नव्हती. त्यांनी मेनूकार्ड मिटून बाजूला ठेवलं.

"राकेश, उद्यापासून या कायम. आणि भरीत असलं-नसलं ते दारात फळ्यावर लिहीत जा तू, यांच्या जिभेला कशाला त्रास?" मग मैनाबाईंकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"सासूबाईंनी."

"आहेत त्या अजून?"

मैनाबाईंचे डोळे भरून आले, पण मान ताठ होती.

"हायेत की," त्या म्हणाल्या. "आत्ता बोलल्या त्या त्याच."

आणि झुणका टाकायला आत गेल्या.