फ्लोरिन सरांची शाल

मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून ज्यांच्या फोटोला हात जोडताय, त्यांना आपण शाल दिली नव्हती.

विसरला असाल, म्हणून लिहिते.

फ्लोरिन सर मागच्या मंगळवारी गेले. ड्यूटीला निघायच्या आधी, शर्टाला इस्त्री करता करता.
रूममेट जोस धावत आला. आधी इस्त्रीचा प्लग काढला की आधी सरांना उचललं, हे त्याला अजून आठवत नाही.

इथे आखातात, मुशैरिब भागातल्या ज्या हॉटेलात ते नऊ वर्षं वाजवत होते, तिथे त्या दुपारीही चहाच्या वेळी व्हायोलिन चालू होतं.
सरांचंच रेकॉर्डिंग.
गेस्टना फरक कळला नाही.

रोमानियातलं एक खेडं. लग्नात वाजवणाऱ्या रोमा लोकांचं घर. आजोबा वाजवायचे, वडील वाजवायचे, सातव्या वर्षी हेही उभे राहिले. तीन-तीन दिवस लग्न चालायचं, बोटं सुजायची. शाळा सुटली ती सुटलीच.
नोटेशन वाचता यायचं नाही. पण एकदा ऐकलं की खलास, आयुष्यभर लक्षात.

हॉटेलने पुढ्यात स्टँड ठेवला होता, बरं दिसतं म्हणून. सर त्यावर चहाचं मेनूकार्ड लावायचे आणि डोळे मिटून वाजवायचे.
बाजूला बोर्ड: ‘थेट व्हिएन्नाहून’.

"व्हिएन्ना कसं आहे, सर?" मी एकदा विचारलं.
"बसस्टँड चांगला आहे. मी तिथे एकदा बस बदललीय."

दर शुक्रवारी आमच्या घरी यायचे, माझ्या लेकीला, ईराला शिकवायला.
पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "सरांना पाणी दे." सर चमकून बघायलाच लागले. त्यांच्या भाषेतही पाणी म्हणजे पाणीच. मग नाक, कान, एकेक बोटाने दाखवत आम्ही अर्धा तास हसत बसलो.
"ममा, कॅन वी प्लीज स्टार्ट?" ईरा वैतागली.

मी भाकऱ्या थापताना आईची जात्यावरची ओवी गुणगुणते. ती त्यांनी स्वयंपाकघराबाहेर बसून उचलली. आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात तीच वाजवायची ठरली.
आणि शाल-श्रीफळ.

शाल मी पुण्याहून आणली होती. क्रीम रंग, चॉकलेटी काठ. सरांना दाखवलीसुद्धा. आमच्यात मान कसा देतात ते सांगितलं: स्टेजवर बोलावतात, खांद्यावर शाल, हातात नारळ, सगळे टाळ्या वाजवतात.
"खांद्यावर? मग व्हायोलिन कुठे ठेवू?"
"तेवढा वेळ वाजवायचं नाही, सर. तेवढा वेळ फक्त उभं राहायचं."
त्यांनी काठावरून एक बोट फिरवलं.
घालून बघा म्हटलं तर मान हलवली. "नाही. स्टेजवर."

आदल्या दिवशी रिहर्सलला मी कौतुकाने बोलून गेले. व्हिएन्ना वगैरे काही नाही, सर रोमा आहेत. जिप्सी. हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडूनच गेलेले लोक.

"आपल्याकडून, पण आपल्यातले नव्हेत हो," एक ताई म्हणाल्या. "ते दारावर यायचे ना, डोंबारी, तसले."
"पर्सा सांभाळा गं बायांनो!"
सगळे हसले.
मीही हसले.

नावं लिहीत नाही. वाचाल तेव्हा आपलं आपल्याला कळेल.

अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाजवू दे त्यांना, त्याबद्दल काही नाही. पण चीफ गेस्टच्या शेजारी उभं करून सत्कार म्हणजे… तू समजूतदार आहेस."

मी समजूतदार आहे. निवेदन माझंच होतं. कागदावरची ती एक ओळ मीच खोडली.

सरांनी ओवी वाजवली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. डोंबारी म्हणणाऱ्या ताईंनीसुद्धा.
मग सर खाली येऊन रांगेच्या टोकाला बसले. व्हायोलिन पेटीत ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर. कोटाची बटणं लावलेली.
चीफ गेस्टचा सत्कार झाला. स्पॉन्सरचा झाला. आभार झाले.
ते तसेच बसलेले.

मी फराळाचा डबा घेऊन गेले.
"वेळ कमी पडला, सर."
"खलास?"
"खलास."
"नो प्रॉब्लेम," म्हणाले, आणि डबा दोन्ही हातांत घेतला.

नारळाची मी दुसऱ्या दिवशी चटणी केली. शाल कपाटात ठेवली. नंतर देऊ.
दोन वर्षं ते दर शुक्रवारी त्याच कपाटाशेजारच्या खुर्चीत बसून शिकवत होते. एकदाही विषय काढला नाही.

परवा त्यांच्या मुलीचा, मिरेलाचा मेसेज आला.
‘बाबांना भारतीय लोकांनी स्टेजवर घातलेली शाल सामानात मिळाली नाही. क्रीम, चॉकलेटी काठांची. त्यांनी गावात सगळ्यांना सांगितलं होतं. ती अंगावर घालूनच मला पुरा, म्हणाले होते. आम्ही एक दिवस थांबलो, सगळ्या बॅगा उलट्या केल्या. शेवटी काल पुरलं. सामान जोसने भरलं होतं ना? त्यानेच घेतली असणार.’

जोस. ज्याने त्यांचे मोजेसुद्धा जोड्या लावून बॅगेत ठेवले.

खरं सांगितलं तर जोस सुटतो, आणि सर गावात खोटे पडतात.
मी लिहिलं, ‘जोसने नाही घेतली. शाल माझ्याकडे आहे. ड्रायक्लीनला दिली होती, परत करायची राहिली. सॉरी. लगेच पाठवते.’
तिने हार्ट पाठवलं. थडग्यावर घालणार आहे म्हणाली.

तिला खोटं सांगितलं. खरं तुम्हाला सांगतेय. तुम्ही तिथे होतात.
पर्सा आपण सांभाळल्या. त्यांची शाल माझ्या कपाटात होती.

काल ती बाहेर काढली. घडीत पुठ्ठा तसाच, टाचण्या तशाच. वापरलेली दिसायला हवी, म्हणून टाचण्या काढल्या. धुतली. वाळवून पुन्हा धुतली. ईरा दारात उभी राहून बघत होती.

तरी नवीच दिसतेय.

या आता, सर. शाल मागून येतेय.