बाजेखालची शेगडी, पिल्लांचा कंदील

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही, आणि विशीत तर मुळीच नव्हतं. अशा बाईला सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत बाजेवर पाडून ठेवायचं म्हणजे शिक्षाच की! पहिलं बाळंतपण, महाळुंग्याला माहेरी, आणि तेही ऐन वैशाखात. आई मी लहान असतानाच गेली होती, म्हणून सगळा कारभार आत्याच्या हातात. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि आमचं घर तिनंच ओढलं. तिनं खिडकीला गोणपाट लावलं, दाराला घोंगडी. माझे कान फडक्यानं करकचून बांधलेले. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी. आणि नऊ दिवसांचं माझं लेकरू टोपडं, झबलं, वर दोन दुपटी अशा थाटात गुंडाळलेलं.

"आत्या, लई उकडतंय गं," मी म्हणायची.

"उकडू दे. माझं थंडी बाधून गेलं. बारसं बी झालं न्हाई त्याचं."

तिला तेवढंच एक झालं होतं. मी आपली मनातल्या मनात चडफडायची आणि कूस बदलायची.

घोंगडीपलीकडं पडवीत दुसरंच बाळंतपण चाललेलं. आबांनी खेडच्या कचेरीतून पांढऱ्या विलायती कोंबडीची पन्नास पिल्लं आणली होती. यंत्रात उबवलेली, म्हणजे त्यांना पंखाखाली घ्यायला आई नाही. ऊब आपणच द्यायची. आबांनी तेलाचा जुना डबा कापून त्याचं छत केलं, छताखाली कंदील ठेवला आणि भोवती गुडघ्याएवढ्या पत्र्याचं रिंगण उभं केलं. पिल्लांसोबत एक थर्मामीटर मिळाला होता आणि एक छापील कागद. घरात सातवी फायनल झालेली मी एकटीच, त्यामुळे कागदाची मालकीण मी. पहिल्या आठवड्यात पंच्याण्णव अंश फॅरनहाइट ऊब, कंदील विझू देऊ नये, असं त्यात होतं. मी तो कागद खळ लावून बाजेशेजारच्या भिंतीला डकवायला लावला आणि पडल्या पडल्या हुकूम सोडायला लागले. तेवढाच विरंगुळा!

"आबा, कंदील लावलेला हाय न्हवं?"

"हाय की, मास्तरीणबाई."

सकाळी पिल्लांचा आवाज कसा गोड, बारीक, एकमेकांशी बोलल्यासारखा यायचा. ऊन चढलं की तोच आवाज कर्कश व्हायचा, थांबायचंच नाव घ्यायचा नाही. माझ्या डोक्यात घण पडायचे. एके दिवशी दुपारी दोन पिल्लं मेली. दुसऱ्या दिवशी आबा घोंगडीआडून म्हणाले, "अगं, पारा शंभराच्या वर गेलाय. पिल्लं चोची वासून बसल्यात. काढू का कंदील?"

"कागदावर लिवलंय, विझू द्यायचा न्हाई! वात बारीक करा फार तर."

काय ती ऐट! स्वतःला खोलीबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, पण हट्ट मात्र पाटलिणीचा. तासाभरात आणखी पाच गेली. इकडं बाळ सकाळपासून किरकिर करत होतं, ते आता गप्प झालं. आत्या खूश. "ऊब लागली बघ. निजलं बिचारं," म्हणाली आणि शेगडीत दोन निखारे वाढवून चुलीकडं गेली.

तेवढ्यात पडवीत आबांचा आवाज चढला. "चुलीत घाल तुझा कागद! माझ्या डोळ्यांदेखत मरायला लागल्यात ती." मला राहवेना. भिंतीला धरून उठले आणि घोंगडी बाजूला केली. छताखाली एकही पिल्लू नव्हतं. सगळी कंदिलापासून लांब, पत्र्याला छाती लावून उभी. पंख लोंबते, चोची उघड्या, गळे धडधडतायत. आबांनी कंदील बाहेर काढला, छत उचललं, पडवीच्या उघड्या बाजूला ओली गोणपाटं टांगली, मातीच्या पसरट परळात गार पाणी ठेवलं. थोड्या वेळानं एक पिल्लू पाण्याशी गेलं, मग दुसरं. हळूहळू सगळी पांगली आणि दाणे टिपायला लागली.

आबा घाम पुसत म्हणाले, "पिल्लूच सांगतंय की. लांब पळालं म्हंजी गरम होतंय, गोळा झालं म्हंजी गारठलंय. यात वाचायचं काय हाय?"

मी खोलीत वळले आणि बाजेवरच्या बाळाकडं पाहिलं. तोंड उघडं. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, मानेवर पुरळ, आणि छाती तशीच भराभर हलतेय. निजलं कसलं? त्या पिल्लांना निदान पत्र्यापर्यंत पळता तरी येत होतं.

मी दुपटी ओढून फेकली, टोपडं काढलं, खिडकीचं गोणपाट खसकन खाली खेचलं. फडक्यानं धरून शेगडी बाजेखालून ओढत होते, तोवर आत्या धावत आली.

"अगं बया! पोराला मारतीस का?"

"मी न्हाई, तू मारतीयास!"

बोलून गेले. माझ्या रागाला लगाम कधीच नव्हता. आत्या दारातच थिजली. मी ओल्या फडक्यानं बाळाचं अंग पुसत राहिले. अंगावर घेतलं तर आधी ओढेचना. मग एकदा ओढलं, थांबलं, पुन्हा ओढलं, आणि मी हुंदके देऊन रडायला लागले.

ऊन कललं तसा बाळाचा श्वास संथ झाला. आत्या तोवर आत आलीच नव्हती. ती पडवीत पत्र्याच्या रिंगणाशी उकिडवी बसली होती. एक अशक्त पिल्लू अजून चोच वासून होतं, त्याच्याकडं बघत. बऱ्याच वेळानं ती आली आणि माझ्या पायाशी बसली.

"माझं बी असंच तोंड वासायचं गं," ती म्हणाली. "मला वाटायचं, गारठलंय. मी निखारे वाढवायची."

मी विचारलं, "कधी गेलं गं ते?"

"आखितीला चार दिस होतं."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, उन्हाचा कहर. ती माझ्याकडं बघत होती. तिला काय विचारायचंय ते मला कळत होतं, आणि ते तिनं विचारू नये म्हणून मी घाईघाईनं भिंतीवरच्या कागदाला बोट लावलं.

"न्हाई आत्या. हितं लिवलंय बघ. गारठ्यानं बी तोंड उघडं पडतं. तुझं थंडीनंच गेलं."

आत्याला अक्षर येत नव्हतं. माझ्या बोटाखालच्या, 'कंदील विझू देऊ नये' या ओळीकडं ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"लिवलंय व्हय?" ती म्हणाली. "मग बरं." आणि शेगडी उचलून बाहेर घेऊन गेली.