समोर गडी नसलेला खेळ

शरीरसौष्ठव हा खेळच नव्हे, असं माझे पैलवान वडील, आबा, म्हणायचे. "समोर गडी न्हाय, मग खेळ कसला रं?"

स्पर्धेच्या दिवशी स्नायू उठून दिसावेत म्हणून आम्ही पाणी तोडतो, घोटभरही पीत नाही. तरीही आबा एकदा थंडाईचा तांब्या घेऊन स्टेजमागे आले. "घे, ओठ फुटल्यात तुझं."

मी सगळ्यांदेखत ओरडलो, "माझं वाटोळं करायला आलायसा व्हय?"

"कुस्तीत हरलेल्यालाबी पाणी पाजत्यात की," एवढंच बोलून ते निघाले. पुन्हा एकाही स्पर्धेला आले नाहीत.

आबा गेले. हा खेळच आहे, असं मी आजही ठासून सांगतो. ते तांब्या घेऊन माघारी वळले तेव्हा मी आरशात दंड बघत होतो, हे मात्र सांगत नाही.